उड्डाणाचा ताळा

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुनःपुन्हां डोकावूं लागला आहे, आणि आमच्या वाचकांच्या घरांतून तो आतां चांगलाच रुळला असावा असें दिसतें. तो विषय म्हणजे संगणकावर विमान चालविण्याचा छंद. पूर्वीं तक्रार अशी असे, कीं मुलगा शाळेंतून आला म्हणजे पडद्यापुढें बसतो आणि जेवणासाठीं त्यास चार हाका माराव्या लागतात. हल्लींची तक्रार थोडी निराळी आहे. एका गृहस्थांनीं लिहिलें आहे, "पूर्वीं तो निदान विमान उडवी. आतां उड्डाणापूर्वीं अर्धा तास तो नुसतीं वजनें व तपमानें टिपीत बसतो, तीं दुसऱ्याच एका आज्ञावलींत भरतो, तिनें दिलेले आंकडे पुन्हां विमानांत भरतो, आणि मग कोठें उडतो. हा खेळावरचा खेळ आहे, कीं यांत कांहीं विद्या आहे? विद्या असेल तर ती त्याची, कीं त्या आज्ञावलीची?"

या प्रश्नाचा शेवटचा भाग मार्मिक आहे, आणि आजचा लेख त्याच्याच उत्तरादाखल आहे. खेळ कीं विद्या हा पहिला भाग आम्ही फारसा लांबवीत नाहीं. विमानाची नक्कल करून उड्डाण शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो करण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते व झडपा वापरून लिंकनें १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें, वळणारें एक लहानसें विमान तयार केलें. आरंभीं त्याची गणना जत्रेंतल्या पाळण्यांतच झाली, आणि करमणुकीच्या बागांनीं तें विकतही घेतलें. पुढें १९३४ सालीं टपाल नेणारे लष्करी वैमानिक ढगांत व धुक्यांत एकामागून एक बळी पडूं लागले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें खरेदी केलीं, आणि कालच्या पाळण्याची शाळा झाली. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर घरगुती संगणकावर आला तो १९८२ सालीं. तेव्हां एकाच वस्तूचा खेळही होतो आणि शाळाही होते; तिच्यापुढें बसणारा काय करतो यावर तें ठरतें.

आतां मुख्य विषय. मोठें विमान धांवपट्टीवरून सुटलें म्हणजे त्याच्यापुढें तीन वेग उभे असतात. पहिल्यास व्ही-वन म्हणतात. हा निर्णयाचा वेग होय. तो येण्यापूर्वीं एंजिन बंद पडलें तर विमान थांबवावयाचें, कारण उरलेल्या पट्टींत तें थांबूं शकतें. तो ओलांडल्यावर एंजिन गेलें तरी थांबावयाचें नाहीं. उरलेल्या एंजिनावर उडावयाचें, कारण आतां थांबण्यास जागा नाहीं, पण उडण्यास आहे. व्ही-वनचा उच्चार होतांच कप्तान एंजिनांच्या दांड्यांवरील आपला हात काढून घेतो, तो एवढ्यासाठींच कीं थांबण्याचा मोहसुद्धां होऊं नये. दुसरा वेग व्ही-आर. या वेगास विमानाचें नाक उचलावयाचें. तिसरा व्ही-टू, एक एंजिन बंद असतांनाही जमिनीपासून ३५ फूट उंची गांठीपर्यंत हा वेग हातीं आलाच पाहिजे, म्हणजे पुढची चढण निर्धोक होते. सत्तर टनांच्या एअरबस ए-३२० विमानास हे वेग सामान्यतः १४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशीं २६० किलोमीटरच्या घरांत असतात, आणि तेथवर पोंचण्यास अर्ध्या मिनिटाहून फारसा अधिक वेळ लागत नाहीं. एवढ्या अवधींत विचार करण्यास सवड कोठली? म्हणून तो आधींच करून ठेवावयाचा, आणि त्या विचाराचें टिपण म्हणजे हे तीन आंकडे.

हे आंकडे दर उड्डाणास नवे काढावे लागतात. विमान तेंच, पट्टी तीच, वैमानिकही तोच. तरी सकाळचा आंकडा दुपारीं चालत नाहीं. विमानाचें वजन, हवेचें तपमान व दाब, वाऱ्याची दिशा, पट्टीची लांबी व चढउतार, ती कोरडी आहे कीं ओली, पट्टीच्या पुढें टेकडी आहे कीं समुद्र, पंखांच्या मागच्या फ्लॅप नांवाच्या झडपा किती उघडल्या आहेत, या सगळ्यांचा त्यांत भाग असतो. हवा तापली म्हणजे विरळ होते. विरळ हवेंत पंखांस आधार कमी आणि एंजिनास जोर कमी. उंचीवरील गांवींही हाच प्रकार. शिवाय यांतील कांहीं गोष्टी परस्परविरोधी असतात. फ्लॅप अधिक उघडावेत तर विमान लवकर जमीन सोडतें, पण सोडल्यावर चढतें मंदगतीनें. पट्टी आखूड असेल तर पहिला गुण हवा. पुढें डोंगर असेल तर दुसरा दोष परवडत नाहीं.

येथें आमच्या वाचकांस घरच्या घरीं करून पाहण्याजोगें एक उदाहरण देतों. ब्रिटनच्या नागरी विमानखात्यानें लहान विमानांसाठीं कांहीं ठोकळ नियम प्रसिद्ध केलेले आहेत. उड्डाणास लागणारें अंतर हजार फूट उंचीमागें दहा टक्के वाढतें. दहा अंश तपमानामागें आणखी दहा टक्के. आणि वजन दहा टक्क्यांनीं वाढलें तर अंतर वीस टक्क्यांनीं वाढतें. आतां जुहूचें विमानतळ समुद्रकांठीं आहे, आणि पुण्याचें लोहगांव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन हजार फूट उंच आहे. पौषांतल्या सकाळीं जुहूस २० अंश तपमानांत एखाद्या लहान विमानास ५०० मीटर अंतर लागत असेल, तर वैशाखांतल्या दुपारीं पुण्यास ३८ अंशांत त्याच विमानास किती लागेल? उंचीपायीं वीस टक्के, आणि वर उष्णतेपायीं अठरा टक्के. हिशेब सातशें मीटरांच्या वर जातो. हें तोंडीं करतां येतें. आमच्या मतें या छंदांत पडणाऱ्या प्रत्येक मुलानें व मुलीनें तें प्रथम तोंडींच करावें, आणि मग यंत्रास विचारावें. असें कां म्हणतों, तें पुढें येईल.

मोठ्या विमानांचें गणित अर्थात् इतकें सोपें नाहीं. त्यांत आणखी एक गंमत आहे, आणि काटकसरीनें संसार करणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस ती विशेष पटेल. पट्टी लांब व वजन बेताचें असेल तर एंजिनें पूर्ण जोरानें चालवावयाची नाहींत. दूध तापविण्यास कोणी चूल भडकवीत नाहीं. एंजिन जितकें कमी तापेल तितकें तें अधिक टिकतें, आणि विमानाच्या एंजिनाची दुरुस्ती म्हणजे लहानसहान खर्च नव्हे. मग करावयाचें काय, तर यंत्रास खोटेंच सांगावयाचें कीं बाहेर ५० अंश उष्णता आहे. तें बिचारें तेवढ्या उष्णतेंत निघेल तितकाच जोर देतें. या मानलेल्या तपमानाच्या रीतीनें पूर्ण जोरापैकीं सामान्यतः फार तर चतुर्थांश कमी करतात. हें सोयीचें खोटें आहे, आणि जगभर रोज हजारों विमानें त्याच्यावर उडतात. परंतु खोटें सांगतांना खरें काय आहे तें नीट ध्यानांत ठेवावें लागतें, हा अनुभव विमानांपुरताच आहे असें नाहीं.

पूर्वीं हीं सर्व उत्तरें जाडजूड ग्रंथांतील कोष्टकांवरून व आलेखांवरून बोट फिरवून काढीत. आतां वैमानिकाच्या हातीं पाटीएवढें यंत्र असतें. आंकडे भरले कीं क्षणांत उत्तर. घरीं सिम्युलेटर चालविणाऱ्यांसाठींही अशा आज्ञावली निघाल्या. टॉपकॅट ही त्यांपैकीं एक जुनी व प्रसिद्ध. हल्लीं कांहीं आभासी विमानांच्या आंतच तशी सोय करून दिलेली असते. विमान, विमानतळ, पट्टी, वजन, हवामान इतकें सांगितलें कीं तिन्ही वेग, फ्लॅप आणि तें मानलेलें तपमान अशी सारी पंक्ति वाढून समोर येते. गणितांत ती चुकत नाहीं. पत्रलेखक गृहस्थांची शंका येथेंच उभी राहते: मग मुलानें केलें काय?

या शंकेचें उत्तर ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं शोधावें. २० मार्च २००९ च्या रात्रीं तेथून दुबईस जाणारें चार एंजिनांचें एअरबस ए-३४० विमान २७५ माणसांसह निघालें. यंत्रांत भरावयाचें वजन होतें ३६२.९ टन. यंत्रांत आंकडा पडला २६२.९. तीनऐवजीं दोन, बोटाची एक चूक. यंत्रानें शंभर टन हलक्या विमानास शोभतील असे वेग काढून दिले, आणि त्याच मानानें एंजिनांचा जोरही कमी सांगितला. पट्टी ३,६५७ मीटर लांब होती. कप्तानाच्या सांगण्यावरून नाक उचललें गेलें, पण विमान उठेना. शेपूट पट्टीवर घासूं लागली. कप्तानानें तत्काळ एंजिनें पूर्ण जोरावर टाकलीं. पट्टी संपली, पुढचा एक दिवा व एक अँटेना यांस धक्का लागला, आणि मग विमान वर आलें. समुद्रावर इंधन टाकून देऊन तें परत उतरलें. एकाही माणसास इजा झाली नाहीं, हें केवळ दैव.

विमानांत चार वैमानिक होते. त्यांतील एकासही २६२.९ हा आंकडा विसंगत वाटला नाहीं, आणि याचें जें कारण चौकशींत पुढें आलें तें फार विचार करण्याजोगें आहे. हे लोक निरनिराळ्या आकारांचीं विमानें निरनिराळ्या वजनांनीं उडवीत असत. त्यामुळें अमुक वजनास अमुक वेग, ही जी मनांत एक बैठक तयार व्हावी लागते, ती त्यांच्यापाशीं घट्ट राहिली नव्हती. त्यांच्या दृष्टीनें कोणताही आंकडा संभवनीय होता. आणि जेथें कोणतेंही उत्तर संभवनीय वाटतें तेथें चुकीचें उत्तर ओळखावयाचें कशावरून?

कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें १४ ऑक्टोबर २००४ रोजीं दैवानें साथ दिली नाहीं. मालवाहू बोइंग ७४७ विमान सुमारें ३५३ टनांचें होतें. आदल्या मुक्कामाहून निघतांनाचें २४० टन हें वजन यंत्रांत तसेंच राहून गेलें, आणि बहुधा त्यावरूनच वेग निघाले. विमान पट्टी सोडून बांधावर आदळलें. आंतील सातही माणसें गेलीं. आदल्या दिवसाचा हिशेब पाटीवरून न पुसतां त्याच पाटीवर नवा मांडावा, तशी ही गोष्ट.

आणखी दोन उदाहरणें देतों. योगायोगानें दोन्हींची तारीख २१ जुलै आहे, पण पंचांग पाहणाऱ्यांनीं त्यांतून कांहीं काढूं नये. २०१७ सालीं उत्तर आयर्लंडांत बेलफास्टहून निघालेल्या एका बोइंग ७३७ विमानाच्या यंत्रांत बाहेरचें तपमान १६ अंशांऐवजीं उणे ५२ पडलें. आकाशांत खूप उंचीवरचा आंकडा बहुधा जमिनीच्या रकान्यांत गेला. थंड हवेंत तेवढाच जोर एंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळतो, असा हिशेब करून यंत्रानें पंख्याच्या फेऱ्या ९३.३ टक्क्यांऐवजीं ८१.५ टक्केच सांगितल्या. विमान कसेंबसें उठलें, व पट्टीपलीकडील एका दिव्यास त्याचें चाक लागलें. यंत्राच्या नव्या आवृत्तींत असला आंकडा पडताळून पाहण्याची सोय होती; त्या विमानांत जुनी होती. जुलै महिन्यांत उणे ५२ अंश! आमच्या घरांतील दहा वर्षांच्या मुलासही हें हंसूं येईल. परंतु तो मुलगा हंसेल तो त्यास जुलै ठाऊक आहे म्हणून. यंत्रास जुलै ठाऊक नसतो.

दुसरें उदाहरण २०२० सालचें, बर्मिंगहॅमचें. प्रवाशांच्या वजनाचा अंदाज करणाऱ्या आज्ञावलींत 'मिस' या उपपदाचा अर्थ लहान मुलगी असा धरला गेला होता. कारण ती आज्ञावली जेथें लिहिली गेली, त्या देशांत तशी चाल होती. त्यामुळें आपल्या नांवामागें मिस लावणाऱ्या ३८ प्रौढ स्त्रिया प्रत्येकीं ६९ किलोऐवजीं ३५ किलोच्या ठरल्या, आणि विमान कागदावरच्यापेक्षां सुमारें सव्वा टन जड निघालें. सुदैवानें त्या दिवशीं एवढ्या फरकानें बिघडलें नाहीं. आपल्याकडे पत्रिकेवर कुमारी लिहावें कीं सौभाग्यवती यावर घरांत खल होतो. विमानाच्या तोलावरही त्याचा परिणाम व्हावा, हें आमच्या स्वप्नींही नव्हतें.

या चारही प्रसंगीं बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. चुकलें तें यंत्राच्या बाहेर. म्हणून आम्ही म्हणतों, कीं त्या आज्ञावलीची विद्या आज्ञावलीपाशीं, आणि ताळा पाहण्याची विद्या माणसापाशीं. आमच्या वडील पिढीस शाळेंत गुणाकार केला म्हणजे नवाचा ताळा घेऊन पाहण्याची संवय लावीत. ताळा उत्तर काढून देत नाहीं. तें विश्वासास पात्र आहे कीं नाहीं एवढेंच सांगतो. पण वडील मंडळींनीं जन्मभर पेढ्या, कचेऱ्या व संसार चालविले ते त्याच्याच जोरावर.

एका परिचित कुटुंबांत हें फार चांगल्या रीतीनें चाललेलें आम्ही पाहतों. नात कॉलेजांत आहे व तिला वैमानिक व्हावयाचें आहे. (भारतांत वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे, हें ज्यांना ठाऊक नसेल त्यांनीं ध्यानांत घ्यावें.) आजोबा बँकेंतून निवृत्त झालेले, विमानांतले त्यांस कांहीं कळत नाहीं, आणि कळावें असा आग्रहही नाहीं. त्यांनीं एक वही मात्र घातली आहे. नातीच्या प्रत्येक आभासी उड्डाणाचें वजन, फ्लॅप, तपमान व तिन्ही वेग हीं ते त्यांत लिहितात. नवी ओळ लिहितांना ते मागच्या ओळींवरून नजर फिरवितात.

"काल ६४ टनांस १३४ होता, आज ७० टनांस १३१ कसा?"

"आजोबा, आज फ्लॅप जास्त घेतलेत. वेग उतरणारच."

"असं होय? मग तसं लिहितों. पण काल सांगितलं नव्हतंस हो."

एकदां त्यांनीं ५७.८ टनांपुढें पेन थांबविलें. नातीनें मालवाहतुकीच्या कागदावरून ७५.८ वाचले होते व यंत्रांत ५७.८ भरले होते. आजोबांनीं सांगितलें, कीं दोन अंकांची अशी अदलाबदल झाली म्हणजे येणारा फरक नेहमीं नवानें भागला जातो, आणि बँकेंत रोजमेळ जुळला नाहीं कीं ते प्रथम हेंच पाहत. मेलबर्नच्या चुकीस ही युक्ति लागू पडत नाहीं, कारण तेथें एकच अंक बदलला होता; पण वही लागू पडते. शंभर टनांचा फरक कोणत्याही वहींत डोळ्यांत भरलाच असता. वजनाचा व वेगाचा संबंधही लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. फ्लॅप तेच असतील तर वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत बदलतो. वजनांत दहा टक्के फरक पडला तर वेगांत सुमारें पांच टक्के. ६४ टनांस १३४ असेल तर ७० टनांस १४० च्या आसपास आला पाहिजे. न आल्यास कारण विचारावें.

खऱ्या विमानांतही नियम असाच आहे. दोघां वैमानिकांनीं आपापल्या यंत्रावर हिशेब स्वतंत्र मांडावा आणि मग उत्तरें जुळवावींत, ही रीत अनेक कंपन्यांनीं घालून दिली आहे. एकानें मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें नुसतें हुंकार द्यावे याला ताळा म्हणत नाहींत. एकत्र कुटुंबांत दुसरा माणूस शोधावयास बाहेर जावें लागत नाहीं, एवढी आपली सोय आहे.

सिम्युलेटरचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो. खऱ्या विमानांत चुकून पाहतां येत नाहीं. घरीं येतें. मुलानें मुद्दाम वजन दहा टन कमी भरावें, निघालेले वेग व जोर घ्यावेत, आणि विमानाचें खरें वजन न बदलतां उडून पाहावें. त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळेल: पट्टीवर धांवतांना कांहीं चुकलें आहे असें मुळींच जाणवत नाहीं. वेग वाढतो, पण हळू वाढतो. आणि तो हळू वाढत आहे असें सांगणारें घड्याळ बहुतेक विमानांत नाहीं. पट्टीचा शेवट जवळ येतो तेव्हांच तें कळतें. मग एकदां व्ही-वनच्या पांच नॉट आधीं एक एंजिन बंद करून थांबावें, एकदां पांच नॉट नंतर बंद करून उडावें, आणि एकदां नंतर बंद करूनही थांबण्याचा हट्ट धरावा. तीन उड्डाणांत तीन वेगांचा अर्थ जितका कळेल तितका आमच्या या लेखानें कळणार नाहीं.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. घरचें विमान ही नक्कल आहे, आणि घरची आज्ञावली ही दुसऱ्या माणसानें केलेली दुसरी नक्कल. दोहोंचें जमलें तर तें खऱ्या विमानाशींही जमलें असें होत नाहीं. आणि जमलें नाहीं तर चूक कोणाची हें ठरविणें कठीण. विमानतळांवर पट्ट्या लांबतात, आखूड होतात, त्यांचे क्रमांक बदलतात; आज्ञावलीच्या पोटांतील यादी जुनी असेल तर ती नसलेल्या पट्टीचें उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानें देते. म्हणूनच अशा आज्ञावलींवर, खऱ्या उड्डाणासाठीं वापरूं नये, अशी सूचना असते, आणि ती शोभेपुरती नाहीं.

यादींत कधींच न सांपडणाऱ्या गोष्टीही असतात. ही आठवण आपल्याच मुलुखांतली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजीं भर दुपारीं औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान ११८ माणसांसह मुंबईस निघालें. जवळजवळ सारी पट्टी वापरून तें उठलें, आणि पट्टीपलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर त्या क्षणीं कापसाच्या गांठींनीं भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचें चाक त्यास लागलें. पुढें तें विजेच्या तारांस अडकून पडलें व ५५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशींत ठपका आला तो नाक उशिरा उचलण्यावर व तें उचलण्याच्या रीतीवर, आणि विमानें सुटण्याच्या वेळीं त्या रस्त्यावरील वाहतूक अडविली न गेल्यावर. पट्टीपुढील टेकड्या, मनोरे, इमारती यांची उंची कोष्टकांत असते. रस्त्यानें जाणारा ट्रक कोष्टकांत नसतो. त्या भागांतील ज्या वाचकांस तो दिवस आठवत असेल, त्यांस व्ही-आर या दोन अक्षरांचें मोल आम्ही सांगावयास नको.

पत्रलेखक गृहस्थांस आमची सूचना अशी. चिरंजीवांस हा अर्धा तास द्यावा. फक्त त्या अर्ध्या तासांत आपणही शेजारीं वही घेऊन बसावें, आणि यंत्राचें उत्तर पाहण्यापूर्वीं दोघांनींही आपापला अंदाज लिहून झांकून ठेवावा. आरंभ मुंबईपासून करूं नये. तेथील पट्टी लांब, समुद्र जवळ, सगळेंच सोपें. लेहपासून करावा. लेहचें विमानतळ ३,२५६ मीटर उंच आहे, भोंवतीं डोंगर आहेत, आणि तेथील विमानें बहुतेक सकाळींच निघतात. ए-३२० घ्यावें, दिल्लीपर्यंत पुरून उरेल इतकें इंधन भरावें, आणि सकाळच्या पांच अंशांत व दुपारच्या पंचवीस अंशांत तेथून किती वजन उचलतां येईल तें काढावें. दोहोंतील फरक म्हणजे किती प्रवासी, किंवा किती पेट्या, तेंही मांडावें. आणि दुपारच्या विमानांतून कोणास उतरवावयाचें, प्रवाशांस, सामानास कीं इंधनास, हें पितापुत्रांनीं आपसांत ठरवावें. दोघांचीं उत्तरें निराळीं आलीं तर तीं दोन्ही आमच्याकडे पाठवावींत.